दोघांच्या धंद्यात शेवटचा शब्द कोणाचा?

ठिबक_जळगाव

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही गाऱ्हाणंच आहे.

आम्ही दोघं मित्र, इंजिनिअरिंगपासूनचे. तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला आणि ठिबकचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवायला लागलो. जमिनीतला ओलावा बघून व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, बंद होतो. लाईट रात्री दोनला आली तरी शेतकऱ्याने उठून बागेत जायला नको. केळीवाल्यांना हे पटवावं लागत नाही. रात्रपाळीची लाईट आणि बागेतला साप, दोन्ही त्यांनी पाहिलेले असतात.

कामाची वाटणी पहिल्या दिवशीच झाली होती. बनवणं त्याचं, विकणं माझं. एवढं पुरेल असं वाटलं होतं.

फेब्रुवारीत मी रावेर-यावलकडे फिरत होतो. एका गावात अकरा शेतकरी एकदम तयार झाले. अट एकच, पैसे मृगबागाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीची) कटाई झाल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये. मी बांधावर उभ्या उभ्या हो म्हणून टाकलं. संच २८ हजारांचा. तीन लाख आठ हजार उधारीत गेले. त्याच आठवड्यात आमच्या पार्टनरने गुजरातेतून दोन इंची सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह मागवले, ३०० नग. वर्षाला आम्हाला शंभर लागतात. तीनशे घेतले तर नगामागे दोनशे दहा रुपये वाचत होते म्हणे. चार लाख पस्तीस हजार, रोख.

मला हे कळलं ते टेम्पोवाल्याच्या फोनमुळे. "भाऊ, माल कुठे उतरवू?" त्याला माझी उधारी कळली ती पोरांचा पगार करायला बसला तेव्हा. खात्यात अकरा हजार सातशे.

मग जे व्हायचं ते झालं. तू मला विचारलं का, तू तरी विचारलं का. तो म्हणतो खरेदी माझ्याकडे आहे, मी म्हणतो विक्री माझ्याकडे आहे. गंमत अशी की दोघंही खरं बोलतोय.

तिसरा एक आहे. पार्टनरचा आतेभाऊ, पुण्यात नोकरीला. त्याचे सहा लाख धंद्यात आहेत. तो म्हणतो मी तुमच्या कामात पडत नाही, आणि दर रविवारी फोन करून पडतो.

तर विचारायचं असं, की कुठले निर्णय एकट्याने घ्यायचे, कुठले दोघांनी, आणि दोघांचं जमलंच नाही तर काय? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

धंदा एकट्याचा, भांडण दोघांचं. पार्टनरशिप करूच नये.

ठिबक_जळगाव

भाऊ, मला सर्किट बनवता येत नाही. त्याला शेतकऱ्याशी दहा मिनिटं बोलता येत नाही. एकट्याने करायचं तर काय करू?

खान्देश_अभिमानी

आपल्या अमळनेरातून विप्रो उभी राहिली, १९४५ साली वनस्पती तुपापासून. खान्देशी माणूस ठरवलं तर काहीही करू शकतो. लगे रहो.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

आला का विप्रो! मी वाटच बघत होतो. तिसऱ्याच प्रतिसादाला आला. अहो, त्याच्या खात्यात अकरा हजार आहेत, त्याचं बोला.

दाणाबाजार_काका

बाळा, आमची डाळ मिल. तिघं भाऊ, चाळीस वर्षं एकत्र. खरेदी थोरल्याची, मिल मधल्याची, विक्री आणि वसुली माझी. तुमच्यासारखीच वाटणी. तरी पहिली पाच वर्षं आमची रोज जुंपायची, कारण तूर किती घ्यायची हा प्रश्न खरेदीचा वाटतो, पण पैसा माझ्या वसुलीतून यायचा असतो आणि पोती ठेवायला जागा मधल्याकडे हवी असते.

एकदा थोरल्याने अकोल्याच्या व्यापाऱ्याशी चारशे पोत्यांचा सौदा केला. दोन दिवसांत भाव पडला. मी तरणाताठा, डोकं गरम. त्या व्यापाऱ्याला फोन लावला, म्हटलं सौदा मोडला समजा. थोरल्याने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि फोनवर म्हणाला, "पोरगं चेष्टा करतंय, माल पाठवा." मग रिसीव्हर ठेवला आणि मला एक शब्द बोलला नाही. महिनाभर बोलला नाही.

त्या सौद्यात तोटा झाला. पण त्या व्यापाऱ्याने पुढे वीस वर्षं आम्हाला उधारीवर माल दिला.

तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. एकाने बाहेर शब्द दिला की तो तिघांचा शब्द. शिव्या द्यायच्या त्या घरात येऊन, दार लावून. आणि पन्नास पोत्यांवरचा कोणताही सौदा रात्री जेवताना ताटावर बोलल्याशिवाय करायचा नाही. कागद केला नाही कधी. एका ताटाजवळ बसत होतो, कागद कशाला लागतो?

गल्ल्याची किल्ली मात्र एकाकडेच. तुमच्यात ती कोणाकडे आहे, ते तुम्ही लिहिलंच नाही.

ठिबक_जळगाव

काका, खरं सांगू का? दोघांकडे आहे. दोघांच्या मोबाईलवर बँकेचं ॲप आहे, कोणाचाही ओटीपी चालतो.

दाणाबाजार_काका

मग ती किल्ली नाही, ते उघडं दार आहे.

सीए_भुसावळ

काका, तुमचं ताट चाललं कारण ताट एक होतं. या दोघांची ताटं वेगळी, बायका वेगळ्या, सासरं वेगळं. इथे कागद हवा. (आणि तुमच्या पुढच्या पिढीत वाटणी झाली तेव्हा कागद लागला की नाही, तेही सांगा कधीतरी.)

ठिबकभाऊ, तुमची भागीदारी फर्म असावी असं धरून चालतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम १२ आहे. रोजच्या कामात मतभेद झाला तर भागीदारांच्या बहुमताने निर्णय, धंद्याचं स्वरूपच बदलायचं असेल तर सगळ्यांची संमती. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, वेगळं काही लिहिलं नसेल तर हे लागू. आता दोघांत बहुमत कसं होणार? एक विरुद्ध एक. म्हणजे तिसरा, तो पुण्याचा आतेभाऊ, डीडवर भागीदार असेल तर दर भांडणात निकाल त्याच्या हातात आहे. तुम्ही त्याला पाव्हणा समजताय, कायदा त्याला पंच समजतो.

आता व्हॉल्व्हचं. तुम्ही म्हणाल, यापुढे डीडमध्ये लिहू की एक लाखावर एकट्याने खरेदी करायची नाही. जरूर लिहा. पण कलम २० वाचा. आपसात घातलेली मर्यादा समोरच्या व्यापाऱ्याला माहीत नसेल तर ती त्याला लागू होत नाही. धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी एका भागीदाराने ऑर्डर दिली की फर्म बांधली गेली. म्हणून कागद कपाटात ठेवून उपयोग नाही. तुमचे जे चार-पाच मोठे पुरवठादार असतील त्यांना पत्र द्या, की इतक्या रकमेवरची ऑर्डर दोन सह्यांशिवाय धरू नका.

कलम २५ आतेभावाला मुद्दाम वाचून दाखवा. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सगळ्यांसोबत आणि एकटाही जबाबदार. पुरवठादाराचे पैसे थकले तर तो पुण्याच्या फ्लॅटपर्यंत जाऊ शकतो. "कामात पडत नाही" म्हणणाऱ्या माणसाला हे माहीत असणं बरं.

काही गोष्टी एकट्या भागीदाराला कायद्यानेच करता येत नाहीत, वेगळा करार किंवा त्या व्यापारातली तशी रूढी नसेल तर. फर्मसाठी स्वतःच्या नावावर बँक खातं उघडणं, जमीन-गाळा विकत घेणं किंवा विकणं, फर्मचा दावा सोडून देणं, फर्मच्या वतीने दुसऱ्या भागीदारीत शिरणं. बाकीचं कुंपण तुम्हालाच घालायचंय.

फर्म रजिस्टर आहे का? नसेल तर कलम ६९ आडवं येतं. भागीदाराला भागीदारावर किंवा फर्मला गिऱ्हाइकावर करारातला हक्क मागायला दावा लावता येत नाही. स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यताही रजिस्टर न केलेल्या फर्मला मिळत नाही.

ठिबक_जळगाव

डीड आहे. स्टॅम्पपेपरवर, तिघांच्या सह्या. रजिस्टर नाही. डीड उघडून बघितलं तर त्यात निर्णयाबद्दल एकच ओळ आहे, "सर्व भागीदार एकविचाराने कारभार करतील."

सीए_भुसावळ

ही ओळ माझ्याही जुन्या मसुद्यात होती. लाज वाटते सांगायला.

पुणेकर_खान्देशी

माझ्या मते मूळ चूक समान वाटणीची. एकाला ५१ टक्के द्या, विषय संपला. इथे हिंजवडीत सगळे हेच सांगतात.

सीए_भुसावळ

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये ५१ वाल्याला साधा ठराव मिळतो. विशेष ठरावाला विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं लागतात, म्हणजे ४९ वाला तो अडवू शकतो. बोर्डात तर शेअर मोजतच नाहीत, डोकी मोजतात. आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली पण करार केला नाही, तर २००८ च्या कायद्याची पहिली अनुसूची लागते. त्यात प्रत्येक भागीदाराला एक मत, आणि नफ्यातही समान वाटा, मग भांडवल कोणी कितीही घातलेलं असो. ५१ चा आकडा बोलायला सोपा आहे. तीनशे व्हॉल्व्ह त्याने थांबले नसते.

बागायतदार_यावल

मी यांच्यासारख्यांचा गिऱ्हाईक. संच बसवलाय, यांचा नाही, दुसऱ्यांचा. तेही दोघं पार्टनर.

आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. विकणारा येतो, ३० हजार सांगतो. मी २६ म्हणतो. तो हलत नाही. मी संध्याकाळी बनवणाऱ्याला फोन लावतो, त्याला म्हणतो भाऊ तुमचं मशीन एक नंबर, पण तुमचा माणूस फार ताणतो. बनवणारा खूश होतो, २७ वर येतो. गावात सगळ्यांना हे माहीत आहे. आम्ही शेतकरी काही भोळे नाही.

आणि भाऊ, तुम्ही अकरा जणांना कटाईपर्यंत उधारी दिली, त्यात तुम्ही आभाळावर पैसे लावलेत. मे-जूनला आमच्याकडे वादळ येतं. तासाभरात घडासकट बाग आडवी. त्या गावात ते आलं तर तुमचे अकराच्या अकरा एकाच दिवशी बुडतात. उधारी द्या, पण एका गावात अकरा देऊ नका. हे विक्रीचं काम नाहीये, हे कर्ज देण्याचं काम आहे. बँकवाला सुद्धा एकटा सही करत नाही.

माझ्या घरी मी आणि माझा भाऊ शेती बघतो. आमचं सोपं आहे. पाण्याची पाळी, खत, फवारणी, ज्याचा दिवस त्याचा निर्णय. चुकलं तर पुढच्या पाळीला दुरुस्त करता येतं. लागवडीचं मात्र दोघं मिळून. मृगबाग लावायचा की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावतात तो), टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घ्यायची की कंद, कोणत्या शेतात, कारण एकदा लावलं की वर्ष बांधलं गेलं. तुमचे व्हॉल्व्ह आणि तुमची उधारी, दोन्ही लागवडी आहेत. तुम्ही दोघांनी त्या पाळीसारख्या उरकल्या.

ठिबक_जळगाव

दादा, हे मी प्रिंट काढून गाळ्यात लावणार आहे. आणि फोनचं म्हणता तसंच आमच्याकडे झालंय. तीन वेळा.

तापीकाठ_अमळनेर

भाऊ, दोन जणसना धंदा म्हणजे दोन बैलसनी जोडी. एक अठे वढस, एक तठे वढस, आन आऊत जागावरच.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री

आणि आतेभाऊ पुण्याहून हाकतोय.

बिबडेवाली_वहिनी

मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया करतो. सहा बायका कामाला आहेत. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून मशीनला कर्ज काढलं, प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान होतं त्यात, जास्तीत जास्त दहा लाख. बँकेत दोघींच्या सह्या, त्यामुळे पळून जायची सोय दोघींनाही नाही.

आमची वाटणी अशी होती. चव माझी, हिशेब तिचा. दोन वर्षं छान चाललं. मग तिने एका दुकानदाराला आठ दिवसांत दोनशे किलो बिबडे देते म्हणून सांगितलं. ऑर्डर मोठी, पैसे चांगले. पण गच्चीवर वाळवण घालणारी ती नव्हती, मी होते. त्यात नेमकं आभाळ आलं. अर्धं वाळलेलं पीठ प्लॅस्टिकवरून गोळा करताना माझ्या तोंडून जे निघालं ते जाऊबाईंनी अजून लक्षात ठेवलंय.

तेव्हापासून आम्ही कामाची नावं सोडून दिली. प्रत्येक वेळी एकच विचारतो, हे निस्तरायला कोण बसणार आहे? तिचा होकार आधी. ऑर्डर ती घेते, पण तारीख मी सांगते. मिठाचं प्रमाण मी ठरवते, पण माल परत आला तर दुकानदाराशी ती बोलते, म्हणून नवीन चव बाजारात काढायच्या आधी तिचा होकार. ठिबकभाऊ, तुमच्या उधारीची वसुली कोण करणार? तुम्ही. पण पगार कोण थोपवणार? तो. मग त्याला विचारायलाच हवं होतं.

आणि तुमच्या आतेभावासारख्या आमच्या सासूबाई. भांडवल म्हणून त्यांच्या दोन पाटल्या आहेत धंद्यात. आमचं कुठलं वाजलं की त्या धाकटीच्या बाजूने. मी एकदा हिशेबाच्या वहीत पाटल्यांची रक्कम "कर्ज" म्हणून लिहिली आणि दर महिन्याला व्याज त्यांच्या हातावर ठेवायला लागले. आता त्या मत देत नाहीत, व्याज मोजतात.

ठिबक_जळगाव

वहिनी, आतेभावाला व्याज देण्याची कल्पना पार्टनरला वाचून दाखवली. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र हसलो या प्रकरणात.

पुणेकर_खान्देशी

ठीक आहे, ५१ मागे घेतो. पण जुळलंच नाही तर कोण, हे अजून कोणी सांगितलं नाही.

दाणाबाजार_काका

दोन रात्री जाऊ द्यायच्या. निम्मी भांडणं तिथेच मरतात.

ठिबक_जळगाव

मंडळी, अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, आता लिहितो. मध्ये महिना गेला.

अखाजीच्या दुसऱ्या दिवशी पार्टनरच्या घरी बसलो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत कूलर घरघरतोय, आणि त्याची आई मांडे करतेय. काकांचं ताट आठवलं म्हणून मुद्दाम जेवायलाच बसलो. एस्टिमेट बुकाच्या मागच्या पानावर लिहिलं. भाषा आमचीच आहे, सीएसाहेबांनी नंतर ती डीडमध्ये घालायला घेतली.

पंचवीस हजारांपर्यंत ज्याचं काम त्याचा निर्णय, फक्त संध्याकाळी ग्रुपवर टाकायचं. पंचवीस ते एक लाख, निर्णय ज्याचा त्याचाच, पण आधी सांगायचं आणि चोवीस तास थांबायचं. समोरचा गप्प बसला तर हो समजायचं. एक लाखावर दोन सह्या. बँकेत तसं पत्र दिलं, नेट बँकिंगवर आता एकजण रक्कम टाकतो, दुसरा मंजूर करतो. पहिल्या आठवड्यात मला याचा इतका राग आला की विचारू नका. डिझेलच्या बिलाला पण तो "कशासाठी?" विचारत होता, मंजुरी लाखावर असूनसुद्धा.

उधारी रकमेवर ठेवली नाही, दादांचं ऐकून. तीस दिवसांवरची कोणतीही उधारी दोघांची. एका गावात तीनपेक्षा जास्त संच उधारीवर नाहीत. एकूण उधारी अडीच लाखांवर जाऊ द्यायची नाही, कारण पगार आणि भाडं मिळून आमचे दोन महिने तेवढ्यात निघतात. माल चार महिने पुरेल त्यापेक्षा जास्त भरायचा नाही, सूट कितीही असो. त्यावर तो जरा फुरंगटला. नगामागे दोनशे दहा वाचवले ही गोष्ट त्याला अजून अभिमानाची वाटते.

भाव फक्त माझा. त्याला फोन आला तर एकच वाक्य, "भावाचं त्याच्याशी बोला." उलट मशीन काय करेल, काय नाही, हे फक्त त्याचं. इथे माझी चूक कबूल करतो. मागे मी चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याला सांगून आलो होतो की पंधरा दिवसांत मोबाईलवर मराठीत मेसेज येईल. पार्टनरला त्याच्यासाठी दोन महिने रात्री जागावं लागलं. वहिनींचं वाळवण वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

आतेभावाला कलम २५ वाचून दाखवलं. तो तीन दिवस शांत होता. मग म्हणाला, माझे सहा लाख कर्ज म्हणून लिहा, डीडमधून नाव काढा. सीएसाहेब म्हणाले, निवृत्तीचा कागद नीट करावा लागेल, तशी जाहीर नोटीस द्यावी लागेल, आणि आजपर्यंतच्या देण्यातून तो सुटत नाही. फर्म रजिस्टर करायलाही टाकलीय. रविवारचे फोन बंद झालेत. जरा चुकल्यासारखं वाटतं.

जुळलंच नाही तर काय, याचं मात्र अर्धंच जमलं. दोन रात्री थांबायचं. तरी अडलं तर ज्याला निस्तरायचंय त्याचा शब्द. पण दोघांनाही निस्तरावं लागणार असेल तर? तिथे अडकलो. आणि त्याच्या शालकाला कामाला ठेवायचं का हा विषय निघाला, तेव्हा मांडे थंड झाले. तो विषय अजून तसाच आहे.

काका, तुम्ही पंच म्हणून बसाल का?

दाणाबाजार_काका

नाही. माझ्या घरचे मिटवताना केस गेले. चहाला मात्र या, दोघं या.

सीए_भुसावळ

शालकाचं लिहून ठेवा, दोघांच्या नातेवाइकांची नेमणूक दोन सह्यांशिवाय नाही. आज लिहिलं तर तो नियम वाटतो, शालक आल्यावर लिहिलं तर तो अपमान वाटतो.

बागायतदार_यावल

ते अकरा जणांचे पैसे आले का?

ठिबक_जळगाव

सात जणांचे आले. दोघांची कटाई चालू आहे. दोघं फोन उचलत नाहीत, त्यांच्याकडे मी जातोय परवा. वादळ अजून तरी आलं नाही, हात जोडून बसलोय. आणि व्हॉल्व्ह अजून २१० पडून आहेत. दोन इंची, चोवीस व्होल्ट, नवेकोरे, खोक्यासकट. कोणाला हवे असतील तर सांगा.

बागायतदार_यावल

मला बारा लागतील. काय भाव लावता?

ठिबक_जळगाव

दादा, आम्हाला १४५० ला पडलेत.

बागायतदार_यावल

१३०० ला देता का? नाहीतर पार्टनरचा नंबर द्या.

ठिबक_जळगाव

तो म्हणणार "भावाचं त्याच्याशी बोला." पण पडत्या भावात विकायचं तर दोन सह्या, तेही कालच लिहिलंय. उद्या सकाळी सांगतो.